कलमांचे वाचन

आमच्या शेंदूरजनाघाटला ‘कलम’ म्हटले की कोणाला कायदा आठवत नाही. जंबेरीच्या खुंटावर बांधलेला संत्र्याचा डोळा आठवतो. गावाभोवती पन्हेऱ्याच पन्हेऱ्या. अशा गावात वाढलेल्या माणसाला लोकसभेचे वृत्तांत वाचण्याचा नाद लागावा, हे घरच्यांना चमत्कारिकच वाटे. वडील हयात असताना त्यांनी एकदा मला विचारले, “तुह्या त्या कायद्याच्या कलमाले डोळा कोन बांधते बे?” प्रश्न थट्टेचा होता, पण मला तो सोडीना. दिवाळी अंकात कथा-कवितांचे रसग्रहण यावे हा रिवाज आहे. मी येथे विधेयकाचे करणार आहे. वाचकांनी त्यासाठी फराळाचे ताट बाजूला सारण्याचे कारण नाही.

विधेयकाची रीतीने तीन वाचने व्हावी लागतात. पहिले म्हणजे नुसती तोंडओळख. मंत्री ते मांडण्याची परवानगी मागतात आणि सभागृह ती देते. तिसऱ्यात सबंध विधेयक ठेवायचे की टाकायचे, एवढेच उरते. खरे वाचन दुसरे. त्यात आधी तत्त्वाची चर्चा, सभागृहाला वाटल्यास प्रवर समितीकडून छाननी, आणि मग एकेक कलम मताला टाकून त्यावर आलेल्या दुरुस्त्यांचा निकाल. मौज अशी की, ज्या पहिल्या कलमात कायद्याचे नाव असते ते कलम आणि शीर्षक ही सर्वांत शेवटी मंजूर होतात. आधी मथळा सुचवून घेऊन त्याखाली गोष्ट जुळवणाऱ्या आमच्या लेखकांनी हा शिरस्ता एकदा पाहून यावा! एका सभागृहात हे सारे झाले की दुसऱ्यात पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती.

या दुसऱ्या वाचनाची गोडी मला संविधानसभेच्या वृत्तांतांनी लावली. तेथे मसुद्यावरच्या २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष चर्चेला आल्या. आमच्या जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख त्या सभेत होते. १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाच्या कलमावर ते कडाडून बोलले. या शब्दांनी भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांची दुरुस्ती फेटाळली गेली. मलाही ती पटत नाही. पण त्यांचे म्हणणे आणि त्यावरचे उत्तर, दोन्ही आज शेजारी शेजारी छापलेली सापडतात. आणि त्या उत्तरामुळेच ते कलम मला उमगले. पुढे हेच पंजाबराव १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात मंत्री होते आणि शेतीचे खाते त्यांनी सांभाळले.

ज्या विधेयकाने दोन सभागृहांत खडाजंगी उडवली, ते तर प्रत्येक घराच्या मांडवातले आहे. हुंडा म्हणजे काय, या व्याख्येतल्या शब्दांवरून लोकसभा आणि राज्यसभा यांचे जमेना. तेव्हा ६ आणि ९ मे १९६१ रोजी दोन्ही सभागृहे एकत्र बसली. स्वतंत्र भारतातली ती पहिली संयुक्त बैठक. आजवर अशा बैठकी तीनच विधेयकांसाठी झाल्या आहेत. एवढे करून कायद्यात एक स्पष्टीकरण राहिलेच : लग्नात दिलेली रोख रक्कम, दागिने, कपडे हा हुंडा नव्हे, ते लग्नाचा मोबदला म्हणून दिले असतील तरच हुंडा. वाचकहो, मोबदला म्हणून दिले असे कोणता वधूपिता लिहून देणार? या एका वाक्यातून कितीतरी हुंडे आहेराचे नाव घेऊन सुखरूप बाहेर पडले असतील. म्हणजे बारकाईने वाचलेला कायदाही फसतो, हे मला कबूल आहे. पण पळवाट कोणत्या शब्दात आहे हे कागदावर होते. पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने कायद्याची तपासणी केली, १९८४ साली ते स्पष्टीकरण काढून टाकले गेले आणि भेटींची यादी ठेवण्याची अट आली.

याच्या शेजारी २०२० चे कृषी कायदे ठेवून पाहा. जूनमध्ये अध्यादेश निघाले. बाजार आणि करारशेती यांविषयीची दोन विधेयके १७ सप्टेंबरला लोकसभेत आणि २० सप्टेंबरला, रविवारी, राज्यसभेत मंजूर झाली. प्रवर समितीची मागणी मान्य झाली नाही, मतविभागणीची मागणी गोंधळात बुडाली, आणि आवाजी मतदानावर काम उरकले. या कायद्यांचे पुरस्कर्ते आमच्याकडच्या शेतकरी संघटनेतही होते. त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. पण तिचीही नीट छाननी झाली नाही. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द झाले, तेही लोकसभेत चर्चेवाचून! समीक्षक म्हणून माझी तक्रार दोन्ही दिवसांबद्दल आहे. एका लिखाणाला प्रवेश मिळाला तो न वाचता, आणि हद्दपारीही न वाचता. हा एकटाच प्रसंग असता तर मी गप्प बसलो असतो. परंतु पंधराव्या लोकसभेत शंभरातली सुमारे ७१ विधेयके समित्यांकडे गेली होती, ती सतराव्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ मध्ये, सुमारे १६ वर आली.

समितीत काय व्हायला हवे, ते मला घरच्या ओसरीवर कळले. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘बियाणे’ या शब्दाची व्याख्या आहे. खाद्यपिकांची रोपे, गड्डे, कंद, मुळे, छाट यांच्या जोडीला तीत सर्व प्रकारची कलमेही येतात. कलमात कलम सापडले म्हणून मी हरखून वडिलांना ते वाचून दाखवले. आंबिया बहाराची संत्री उतरायची होती, त्यांना घाई होती. तरी ते थांबले. जंबेरीवर वीतभर उंचीवर डोळा भरणारा तो माणूस. पुन्हा एकदा वाच म्हणाले, आणि मग विचारले, “अन् खुंट कायचा, थे लेहलं का?”

मी व्याख्या पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. खुंटाचा शब्द तीत नव्हता.