बैठेपणा, मधुमेह आणि डोळे : एका आकड्याची तपासणी

मधुमेही व्यक्तीने रोज एक तास अधिक बसून काढला की डोळ्याच्या दृष्टिपटलाला इजा होण्याचा धोका 16 टक्क्यांनी वाढतो, असे विधान आरोग्यविषयक लिखाणात भेटते. त्याचे मूळ पॉल लोप्रिन्झी यांच्या एका शोधनिबंधात आहे. तो ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात 2016 साली आला. वर्गात हे विधान सांगण्यापूर्वी ते कितपत टिकते हे पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

निबंधातील माहिती अमेरिकेच्या 2005-06 च्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीतील 282 मधुमेहींची आहे. कमरेला बांधलेल्या यंत्राने त्यांची हालचाल नोंदवली आणि दृष्टिपटलाच्या छायाचित्रांवरून विकार ठरवला. लोकांना तोंडी विचारण्याऐवजी यंत्र वापरले, ही या कामाची जमेची बाजू. मात्र हे यंत्र ‘बसणे’ ओळखत नाही. ते फक्त हालचालीचे धक्के मोजते, आणि मिनिटाला शंभराहून कमी नोंदी झाल्या की ते मिनिट बैठे धरले जाते. म्हणजे फळ्यापाशी एकाच जागी उभे राहून शिकवणारे गुरुजीही यंत्राच्या लेखी बसलेलेच!

आता 16 टक्के. ही वाढ धोक्यातील नाही, ती ‘विकार असलेले भागिले विकार नसलेले’ या गुणोत्तरातील आहे. समजा, 100 मधुमेहींपैकी 30 जणांना विकार आहे. गुणोत्तर झाले 30 भागिले 70. त्याला 1.16 ने गुणून पुन्हा माणसे मोजली, तर 30 चे सुमारे 33 होतात. शिवाय 1.16 हा नेमका आकडा नव्हे. निबंधानेच त्याची मर्यादा 1.01 ते 1.35 अशी दिली आहे, आणि 1 म्हणजे काहीच फरक नाही. आठवी-नववीची मुले हे गणित सहज करतील.

याहून मोठी अडचण पुढेच आहे. हालचाल आणि डोळे यांची मोजणी एकाच काळातली आहे. मधुमेह जुना झाला की दृष्टिपटलही बिघडू शकते, पायांच्या नसाही बिघडू शकतात, आणि पाय दुखणारा माणूस जास्त बसतो. दृष्टी अधू झालेलाही घराबाहेर कमी पडतो. बसण्यामुळे विकार, की विकारामुळे बसणे, की दोन्हींमागे तिसरेच कारण? आकडेमोडीत अशा गोष्टींचा हिशेब काही प्रमाणात धरता येतो, पण बाणाची दिशा त्यातून ठरत नाही.

याउलट 1993 साली प्रसिद्ध झालेली अमेरिका-कॅनडातील मधुमेह नियंत्रण चाचणी पाहावी. तीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे 1441 रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले होते आणि सरासरी साडेसहा वर्षे पाहिले होते. सुरुवातीला दृष्टिपटल निरोगी असलेल्यांत, रक्तशर्करा काटेकोर ठेवल्यावर विकार उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. येथे ‘मुळे’ हा शब्द वापरता येतो. चालण्याने शर्करा व रक्तदाब उतरण्यास मदत होते, म्हणून ते डोळ्यांनाही हितकर असेल हा तर्क सयुक्तिक आहे. पण तो तर्कच आहे.

आमची हरकत चालण्याला मुळीच नाही. रोज तासभर चालणाऱ्याने डोळे सुरक्षित समजून नेत्रतपासणी टाळावी, ही आमची भीती आहे. हा विकार सुरुवातीला ना दुखतो ना दिसणे कमी करतो. दृष्टिपटल पाहिल्याखेरीज तो कळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि पुढे साधारणपणे दरवर्षी ही तपासणी सांगितली जाते. विकार पुढच्या टप्प्यात गेला, नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटू लागल्या, की जड वजने उचलणे, श्वास कोंडून जोर लावणे किंवा शीर्षासन यांनी डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. अशा व्यक्तीने कोणता व्यायाम करावा, हे नेत्रतज्ज्ञाने दृष्टिपटल पाहूनच ठरवायचे असते.