झांज वाजण्याआधीची किंकाळी

आज मी एका चित्रपटातल्या एकाच प्रसंगावर बोलणार आहे. चित्रपट आल्फ्रेड हिचकॉकचा, ‘द मॅन हू न्यू टू मच’, १९५६ सालचा. हीच गोष्ट त्यानं १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये एकदा केली होती, बावीस वर्षांनी हॉलिवूडमध्ये पुन्हा केली.

एक अमेरिकन डॉक्टर, त्याची बायको आणि लहान मुलगा मोरोक्कोत फिरायला गेलेत. माराकेशच्या बाजारात एक माणूस मरता मरता डॉक्टरच्या कानात सांगतो, की लंडनमध्ये एका राजकीय नेत्याचा खून होणार आहे. डॉक्टरनं तोंड उघडू नये म्हणून त्याच्या मुलाला पळवून नेतात. तिथून गोष्ट लंडनला, रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या मैफलीत येते. वाद्यवृंदात झांजेचा एकच मोठा आघात आहे. त्या आवाजात गोळीचा आवाज बुडावा, असा कट.

आता आपल्या ख्यालात बघा. सम कुठे आहे हे रसिकाला ठाऊक असतं, पण गवई तिथवर कुठल्या वाटेनं येईल, हे आधी कुणी सांगू शकत नाही. इथे वाटसुद्धा लिहिलेली आहे. म्हणून तर मारेकऱ्याला आधी ग्रामोफोनची तबकडी ऐकवून नेमकी जागा दाखवता येते. ती तबकडी आपणही ऐकतो. म्हणजे मैफल सुरू होते तेव्हा वेळ आपल्यालाही पाठ असते. शीर्षकातला ‘जास्त जाणणारा माणूस’ डॉक्टर खराच, पण खुर्चीत बसलेले आपणही तेच.

रचना आर्थर बेंजामिनची, ‘स्टॉर्म क्लाउड्स’ नावाचं कँटाटा. ती १९३४ च्या चित्रपटासाठीच केलेली. १९५६ च्या चित्रपटाचा संगीतकार बर्नार्ड हर्मन. त्यानं तीच रचना ठेवली आणि पडद्यावर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं संचालनही स्वतःच केलं. सुमारे १२ मिनिटं आपल्याला एकही संवाद ऐकू येत नाही. डॉक्टर पोलिसांशी बोलतो, हातवारे करतो, पण शब्द संगीताखाली दबलेले.

आणि सभागृहात उभी आहे त्याची बायको, डोरिस डे. मारेकऱ्यानं दारातच तिला सुनावलंय, की मुलाचा जीव तुझ्या हातात आहे. तिला पडद्याआडून पुढे येणारी पिस्तुलाची नळी दिसते. ती किंचाळते. पंतप्रधान दचकतो, गोळी दंडाला चाटून जाते.

या किंकाळीला बरेच जण आईचं काळीज म्हणतात. मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं. अहो, आईचं काळीज गप्प राहायला सांगत होतं! मूल तिच्या मौनावर जगणार होतं. ती ओरडली ती एका परक्या माणसासाठी. त्याच्या देशाचं नावसुद्धा चित्रपट आपल्याला सांगत नाही. कर्तव्यांची वजनं तोलून घेतलेला हा निर्णय नव्हे, तेवढा वेळच तिच्याकडे नाही. पण डोळ्यांसमोर माणूस मरताना गप्प राहणं तिला जमलं नाही. नीतीची सुरुवात बहुधा इथूनच होते. तत्त्वं आपण नंतर रचतो.

तिचा आवाज याआधी किती वेळा बंद केला गेला, हेही पाहा. ती नामांकित गायिका, पण नवऱ्याच्या व्यवसायापायी रंगमंच सुटलेला. मुलगा पळवला गेल्याचं सांगण्याआधी नवरा तिला झोपेच्या गोळ्या घ्यायला लावतो. पुढे मारेकऱ्याची धमकी. आणि शेवटी सभागृहाची शिस्त, जिथे शिंक आली तरी माणूस दाबून धरतो. १९३४ मधली आई नेमबाज होती, शेवटी तिच्या हाती बंदूक येते. १९५६ मधल्या आईकडे फक्त गळा आहे. म्हणून मला दुसरा चित्रपट जास्त खोल वाटतो.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. वाचलेला पंतप्रधान कृतज्ञ, त्यामुळे वकिलातीत प्रवेश मिळतो. तिथे ती ‘के सेरा सेरा’ गाते, वरच्या खोलीतून मुलगा शीळ घालतो, सगळं सुखरूप. गाण्याला ऑस्करही मिळालं. पण जे व्हायचं ते होईल असं सांगणारं गाणं त्याच बाईच्या तोंडी, जिनं तासाभरापूर्वी व्हायचं ते होऊ दिलं नाही! हिचकॉकला हा विरोध जाणवला असेल का, मला शंका आहे. त्यानं तिच्या धाडसाची किंमत तिला मोजूच दिली नाही. मूल परत आलं नसतं तर ती किंकाळी चूक ठरली असती का? माझं उत्तर आहे, नाही. पण हा प्रश्न चित्रपटानं विचारायला हवा होता.

पुन्हा पाहाल तेव्हा झांजवाल्याकडे थोडं कमी बघा. तिच्या चेहऱ्याकडे बघा.