मध्यममार्ग आणि तिबेटचे स्वातंत्र्य

परमपावन दलाई लामा यांचा 'व्हॉइस फॉर द व्हॉइसलेस' हा इंग्रजी ग्रंथ मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनशी सात दशकांहून अधिक काळ चाललेल्या झगड्याचे हे निवेदन आम्ही आदराने वाचले. बौद्ध म्हणून वाचले, तसेच बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुयायी म्हणूनही वाचले. या दुसऱ्या नात्यानेच काही प्रश्न उपस्थित करणे आम्हांस आवश्यक वाटते.

२९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन कराराने तिबेटला 'चीनचा प्रदेश' म्हटले. प्रस्तावनेत मात्र पंचशील होते! त्याच वर्षी २६ ऑगस्टला बाबासाहेबांनी राज्यसभेत या धोरणावर कठोर टीका केली. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ देऊन पंतप्रधानांनी चिनी सीमा भारताच्या सीमेला भिडविण्यास साहाय्यच केले. आणि माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर स्वदेशातील बौद्धांना त्यांनी निराळे वागविले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना देश सोडावा लागला.

१९८८ च्या स्ट्रासबर्ग येथील भाषणापासून दलाई लामांनी पूर्ण स्वातंत्र्याऐवजी चीनच्या चौकटीतील खरी स्वायत्तता मागितली आहे. या धोरणास ते मध्यममार्ग म्हणतात. येथे आमचा मतभेद आहे. तथागतांनी सांगितलेला मध्यममार्ग भोग आणि आत्मक्लेश या दोन टोकांमधील होय. आक्रमक आणि आक्रमित यांच्या दाव्यांचे मध्य काढणे नव्हे. राजकीय तडजोड ही तडजोड म्हणूनच मांडावी. ती अपरिहार्य असू शकेल, तिला धम्माचे नाव कशाला? शिवाय तिचे फळ काय? २००२ ते २०१० या काळात चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. २००८ चे स्वायत्ततेचे निवेदन चीनने 'छुपे स्वातंत्र्य' म्हणून झिडकारले. त्यानंतर औपचारिक चर्चा नाही. भारतानेही २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे मान्य केले. नजीकच्या काळात राजकीय स्वातंत्र्याची शक्यता आम्हांस दिसत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

२०११ मध्ये दलाई लामांनी आपली राजकीय सत्ता लोकनिर्वाचित नेतृत्वाकडे सोपविली. एखाद्या धर्मपीठाने स्वेच्छेने सत्ता सोडावी, हे आमच्या मते त्यांच्या जीवनातील सर्वांत आंबेडकरी कृत्य होय. परंतु पुढचा दलाई लामा चीनबाहेर, मुक्त जगात जन्मेल, असे हाच ग्रंथ सांगतो, आणि एका राष्ट्राचे भवितव्य पुन्हा पुनर्जन्माच्या दाव्यावर येऊन ठेपते. तिबेटी परंपराही आत्मा मानीत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि विशिष्ट व्यक्तीच पुन्हा जन्मते हा विश्वास 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्यास पटणे कठीण. गंमत अशी की, निरीश्वरवादी चिनी शासनाने २००७ मध्ये अवतारी लामांच्या पुनर्जन्मास सरकारी मंजुरी सक्तीची केली! १९९५ मध्ये पंचेन लामा म्हणून मान्यता मिळालेला सहा वर्षांचा मुलगा चीनने ताब्यात घेतला, तो पुन्हा जगासमोर आला नाही.

म्हणून आमच्यातील काहीजण म्हणतात, 'लामांच्या मठसत्तेशी आपला काय संबंध?' हा तर्क आम्हांस मान्य नाही. जुन्या तिबेटात मठ आणि सरदार यांच्या जमिनींवर बांधलेली कुळे राबत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एखाद्या समाजात दोष आहेत म्हणून त्यास परक्याने गुलाम करावे, हा न्याय आम्ही मान्य केला तर आमच्याच लढ्याचा पाया खचेल.

गोंदिया जिल्ह्यात नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात शहराशहरांतून स्वेटर विकणाऱ्या या धम्मबांधवांशी आम्ही भावाची घासाघीस करतो. त्यांच्यापैकी किती जणांना आम्ही आजवर विहारात बोलाविले?