‘सुचविणे’ आणि ‘ठरविणे’ : पुण्यातील नागरिक-सहभागी अंदाजपत्रकाची परिभाषा

अंदाजपत्रकात नागरिकांना सहभागी करून घेण्याची प्रथा पुणे महानगरपालिकेने २००६ साली सुरू केली. तिचा गौरव रास्तच आहे. परंतु ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतीला येणाऱ्या क्रियापदांवरून ठरतो आणि तेथेच ही योजना उणी पडते.

नागरिकाने अर्ज भरून आपल्या क्षेत्रीय कार्यालयास पदपथ, दिवे, बाके, बसथांबे यांसारखे एखादे लहान काम सुचवावयाचे. येथवर वाक्याचा कर्ता नागरिक आहे. त्यापुढे प्रशासकीय मराठीची सुपरिचित रचना सुरू होते : छाननी करण्यात येते, काम समाविष्ट करण्यात येते, वगळण्यात येते. ‘कडून’ जोडून या रचनेत कर्ता सांगता येतो; पण सांगावाच लागत नाही, आणि कचेरीला तेच सोयीचे असते. कोणी वगळले, या प्रश्नाला वाक्यातच जागा उरत नाही.

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे १९८९ पासून विभागवार सभा भरत, सभांतून प्रतिनिधी निवडले जात आणि त्यांची परिषद अग्रक्रम लावी. एका वस्तीला नळ हवा, दुसरीला रस्ता, हा तंटा समोरासमोर होई. २०१७ मध्ये ती पद्धतीही स्थगित झाली, हे खरे. तथापि तिचे क्रियापद ‘ठरविणे’ हे होते. पुण्याचा अर्ज सामान्यतः एकेकट्याचा. शेजाऱ्याची गरज आपल्याहून मोठी आहे काय, हे त्याला पडताळावे लागत नाही. अशा कृतीस मराठीत ‘विनंती’ हा जुना आणि प्रामाणिक शब्द आहे.

१९४९ च्या अधिनियमानुसार अंदाज आयुक्ताने मांडावयाचे, स्थायी समितीने तपासावयाचे व सभेने मंजूर करावयाचे. तेव्हा नागरिकाने ठरवावे कसे, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली, आणि पुढील निवडणुकीपर्यंत मांडणारा व मंजूर करणारा हे दोन्ही कर्ते प्रशासकात एकवटले. सुचविणाऱ्याच्या बाजूने बोलणारा सभासदच त्या काळात उरला नव्हता. आणि वगळलेल्या प्रत्येक कामापुढे अधिकाऱ्याचे पद व कारण कर्तरी वाक्यात छापण्यास तर कोणत्याच अधिनियमाची आडकाठी नाही.