केपीचा आकडा आणि ध्रुवावरची वाट

मे २०२४ मध्ये सौर वादळ पृथ्वीवर येऊन आदळले तेव्हा 'जी-५' ही खूण वर्तमानपत्रांतून पुष्कळांच्या ओळखीची झाली. अशी वेळ २००३ नंतर प्रथमच आली होती. भूचुंबकीय वादळांची जी-१ ते जी-५ ही श्रेणी अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने १९९९ मध्ये सुरू केली. ती सामान्य माणसाला चटकन कळते, हा तिचा गुण आम्ही मान्य करतो. पण ध्रुवीय प्रदेशात उपग्रहांच्या आधारे वाट काढणाऱ्या जहाजाला किंवा विमानाला तिचा उपयोग किती? आमच्या मते फारच थोडा. कधीकधी तर ती फसवते.

ही श्रेणी 'केपी' या निर्देशांकावर उभी आहे. जगातील १३ वेधशाळांमधल्या चुंबकीय नोंदींवरून दर तीन तासांसाठी ० ते ९ यांमधला एक आकडा काढतात. या वेधशाळा ध्रुवांपासून बऱ्याच दूर आहेत, आणि दक्षिण गोलार्धात तर त्यांतल्या दोनच. मोजमाप होते ते जमिनीवरच्या चुंबकत्वाचे. उपग्रहाच्या संदेशाला अडथळा होतो तो मात्र ध्रुवावरच्या आयनांबरात, म्हणजे शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युत्‌भारित थरात.

तेथे काय घडते? सौरवाऱ्यातील चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळले, की दिवसाच्या बाजूचे इलेक्ट्रॉनांनी दाट झालेले आयनांबर तुटते. त्याचे शेकडो किलोमीटर रुंदीचे ढग ध्रुवावरून रात्रीच्या बाजूकडे वाहत जातात. त्यांच्या कडा फाटक्या असतात. त्यांतून येणारी रेडिओलहर ताऱ्यासारखी लुकलुकते आणि ग्राहकयंत्राची तिच्यावरची पकड सुटू शकते. दोन वारंवारतांवर चालणारे यंत्र संदेशाला झालेला उशीर दुरुस्त करते. लुकलुकीपुढे त्याचाही इलाज चालत नाही. त्यात जी.पी.एस. उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या, त्यामुळे ध्रुवावर एकही उपग्रह डोक्यावर येत नाही. (पृथ्वीगोल आणि तारेचे कडे घेऊन हे वर्गात जरूर दाखवावे.) संदेश तिरपा येतो, म्हणजे आयनांबरातून त्याला जास्त लांबची वाट तुडवावी लागते.

असे ढग केपी २ किंवा ३ असतानाही वाहतात. श्रेणी सुरू होते केपी ५ पासून, आणि तिच्या तक्त्यात उपग्रहीय दिशादर्शनाचे नाव येते जी-३ ला, म्हणजे केपी ७ ला! आपले हिमाद्री केंद्र ७९ अंश उत्तर अक्षांशावर, नॉर्वेच्या न्यू-ओलेसुंड येथे आहे. तिथल्या हिवाळी अंधारात 'वादळ नाही' एवढे वाचून कोणी निर्धास्त राहिला, तर त्याला दोष कसा द्यावा?

दोन-तीन दिवस आधीच्या भाकितांचीही हीच गत. सौरवाऱ्यातील चुंबकक्षेत्राची दिशा खात्रीने कळते ती १५ लक्ष किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी असलेल्या यानांना. तेथून सौरवारा अर्ध्या ते एका तासात पृथ्वीशी येतो. त्याआधी ध्रुवाविषयी ठाम स्वरात बोलणे आम्हांला पटत नाही. नॉर्वेच्या नकाशा खात्याची रीत आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. ते जमिनीवरच्या ग्राहकयंत्रांच्या जाळ्याने आयनांबरातील खळबळ त्या त्या वेळी मोजतात आणि नकाशावर दाखवतात. मात्र यंत्र रोवायला जमीन लागते, आणि उत्तर ध्रुवाभोवती आहे तो समुद्र.