कुणकेश्वराची अर्धी दंतकथा

देवगड तालुक्यातील कुणकेश्वराची कथा कोकणात सर्वश्रुत आहे. वादळात सापडलेल्या इराणी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसतो. वाचलो तर तिथल्या देवाचे मंदिर बांधीन, असा नवस तो बोलतो आणि फेडतोही. सांगणारे पुष्कळदा इथेच थांबतात. मग कुणाला तीत देवाचा महिमा दिसतो, कुणाला धार्मिक सलोखा.

माझा आक्षेप या थांबण्याला आहे. मौखिक परंपरेत कथा पुढे जाते. परधर्माचे देवालय बांधल्यावर आपले लोक आपल्याला परत घेणार नाहीत, या जाणिवेने तो व्यापारी शिखरावरून उडी घेऊन प्राण देतो. देवळाजवळचे थडगे त्याचेच, असे सांगतात.

इतिहासाचा पुरावा म्हणून ही कथा वापरता येत नाही. तिचा उगम बहुधा जागेतच असावा : शिवालयाशेजारी थडगे कसे, या प्रश्नाला लोकांनी दिलेले हे उत्तर. पण उत्तर देताना त्यांनी सोपी वाट धरलेली नाही. व्यापाऱ्याला त्यांनी हिंदू करून घेतले नाही, की सुखरूप घरी पोचवले नाही. देव त्याला समुद्रातून तारतो. माणसांच्या बहिष्कारातून तारू शकत नाही. हे कबूल करण्यातच या कथेचे मोल आहे.

महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात. त्या गर्दीतही थडगे जागेवर असते. कथेनेही ते जागेवर ठेवले आहे; आपण ते हलवू नये.