फोलेट, नायट्रिक ऑक्साइड आणि मधले तीन बाण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. फोलेट वाढलं की नायट्रिक ऑक्साइड वाढतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून हृदयविकार टळतो. मधे तीन बाण. गाईडनी एवढंच विचारलं, "यातला कुठला बाण माणसात मोजलाय?" मी गप्प. हीच स्लाइड आजही कित्येक रिव्ह्यूंमध्ये भेटते, म्हणून हे लिहितेय.

पहिले दोन बाण पोकळ नाहीत. रक्तवाहिनीच्या अस्तरातलं ई-नॉस हे एन्झाइम आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. त्यासाठी त्याला बीएच4 हा सहघटक लागतो. तो कमी पडला की तेच एन्झाइम सुपरऑक्साइड बनवू लागतं, आणि ते असलेलं नायट्रिक ऑक्साइडही खाऊन टाकतं. फोलेटचं सक्रिय रूप बीएच4 टिकवायला मदत करतं, असे पुरावे आहेत. छोट्या अभ्यासांत फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर दंडाची धमनी जास्त प्रसरण पावलेलीही दिसली.

गडबड तिसऱ्या बाणात आहे. होप-2 चाचणीत (2006) 5,522 रुग्णांपैकी निम्म्यांना सुमारे 5 वर्षं फोलिक अ‍ॅसिड, बी6 आणि बी12 दिलं. होमोसिस्टीन घटलं, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांचा एकत्रित आकडा लक्षणीय घटला नाही. उलट चीनमधल्या 2015च्या चाचणीत, 20,702 उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत, एनालाप्रिलसोबत फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचं प्रमाण 3.4 वरून 2.7 टक्क्यांवर आलं. होप-2 मधले बरेच रुग्ण पिठात फोलिक अ‍ॅसिड मिसळणाऱ्या देशांतले होते. चीनमध्ये तसं नव्हतं. म्हणजे मुळात कमतरता किती, हा प्रश्न आधी. शिवाय नायट्रिक ऑक्साइड दोन्हींचा मुख्य निकष नव्हता, तेव्हा चीनमधल्या यशाचं श्रेय त्याला देणं घाईचं ठरेल.

आपल्याकडे तर जपूनच. पुण्यातल्या 441 पुरुषांच्या अभ्यासात (2006) 67 टक्क्यांमध्ये बी12 कमी आढळलं. अशा माणसाला नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर अ‍ॅनिमिया सुधारल्यासारखा दिसतो, आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहू शकतं.

तेव्हा प्रपोजल लिहिताना प्रत्येक बाणाखाली तीन गोष्टी लिहा: कशात मोजलं (पेशी, उंदीर की माणूस), नेमकं काय मोजलं, आणि सुरुवातीची पातळी काय होती. जागा रिकामी राहिली तर घाबरू नका. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच असतो.